आडे सरांचा आराम

आडे सर भेटले की आधी मनगट धरायचे. राम राम वगैरे नंतर. मी गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध कसं घ्यायचं ते सांगत असलो तरी काउंटरवरून हात आत यायचा, माझं मनगट पकडलं जायचं, आणि सर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ओठ हलवत उभे. मग मान हलवून म्हणायचे, "भाऊ, लय पळून राह्यलं तुमचं. बसल्या जागी एवढं पळते, तर चढावर काय करन?" आणि लगेच स्वतःचा हात पुढे. "आता माह्यी पाहा."

त्यांची नाडी इतकी सावकाश चालायची, की एक ठोका लागला की पुढचा येतो की नाही याची मलाच धाकधूक. सरांना त्याचा कोण अभिमान! सायकलवाल्याची नाडी बसल्या जागी जेवढी मंद तेवढा माणूस तयारीचा, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. आणि एकदा वाचलं म्हणजे संपलं. दारव्ह्याच्या बाजारात भाजीवालीपासून कापसाच्या दलालापर्यंत सगळ्यांची मनगटं त्यांनी धरून झाली होती.

मी औषधांचा दुकानदार. आमच्या घरात आजोबा, वडील सगळे कचेरीत खुर्ची झिजवणारे. मी दुकानातली खुर्ची झिजवतो, एवढाच फरक. रविवारी आम्ही पाच-सहा जण सायकली काढतो, त्यात मी कायम शेवटचा. त्यामुळे सरांची पाठ मी जेवढी पाहिली तेवढी कोणी पाहिली नसेल.

मागच्या पोळ्याला सर गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. लोक म्हणतात, सायकलीनं खाल्लं. असं कोणी माझ्यासमोर म्हटलं की माझं डोकंच सणकतं. सायकल बिचारी काय खाणार! मी अजून चालवतो, मला कुठं खाल्लं? सरांना खाल्लं ते त्यांच्याच एका म्हणीनं. "वेळ कमी, तर दम जास्त." दिवसातून चारदा ही म्हण, आणि म्हणताना मूठ आवळायची.

वेळ कमी होता हे मात्र खरं. देवसिंग आडे दिग्रसकडच्या एका बंजारा तांड्यातले. राहायला दारव्ह्याला, पोरींच्या कॉलेजसाठी. शाळा जिल्हा परिषदेची, तीही पार त्या टोकाला. शाळा झाली की मतदारयादीचं काम, ते झालं की कसलं तरी सर्वेक्षण, सुट्टीच्या दिवशी तांड्यावर जाऊन शेत आणि म्हातारी आई. उरली ती पहाट. पहाटेचा जो काय तुकडा हाती लागायचा, त्यात हा माणूस जीव तोडून सायकल मारायचा. रोज. "दुसऱ्याले तीन तास भेटते, मले एक. मंग माह्या एक तास तिनाच्या बरोबरीचा नको का?" हिशोब ऐकायला इतका सरळ, की पहिल्या वर्षी आम्हीही माना डोलावल्या.

रविवारी मात्र म्हणायचे, "आज आरामात जाऊ बाप्पा." गावाची कमान ओलांडेपर्यंत आराम. मग कुठूनतरी एखादा मोटरसायकलवाला पुढे निघून जायचा आणि सरांच्या मानेवरची शीर ताठ व्हायची. झालं! सर त्याच्या मागे, आम्ही धुळीत. अर्ध्या तासानं कुठल्यातरी टपरीवर चहाचे ग्लास मांडून बसलेले सापडायचे, घामानं थबथबलेले, हसत. "काहो, इतका उशीर? मी तर आरामातच आलो." रागही येईना, इतकं निर्मळ हसायचे.

आमच्यात एक डॉक्टर मॅडम आहेत. त्यांनी सरांना नीट आठवडा आखून दिला. दोन दिवस जोरात, बाकीचे दिवस इतकं हळू की सायकलवर गाणं म्हणता आलं पाहिजे, आणि सोमवार पूर्ण सुट्टी. "सर, ताकद सायकलवर येत नाही. सायकलवर शरीर मोडतं. ताकद येते ती नंतर, झोपेत आणि आरामात." सरांनी शाळेतल्या पोरासारखं सगळं ऐकून घेतलं. पुढच्या रविवारी लांबून आरडाओरडा ऐकू आला. बघतो तर सर चढावर सायकल कुटत आहेत आणि धापांच्या मधे मधे तांड्यावरच्या गाण्याची एक एक ओळ किंचाळत आहेत. मॅडमजवळ येऊन म्हणाले, "पाहा, म्हणून राह्यलो न गाणं!"

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "सोमवारी आराम केला का, सर?"

"केला न. पूर्ण."

"शाळेत कसे गेलात?"

"सायकलनं."

"आणि आलात?"

"सायकलनंच. आता थे शाळा हाय मॅडम, ट्रेनिंग थोडी हाय! वारा समोरून होता म्हणून जरा जोर लागला, बस."

मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "सर, तुमच्या मांडीला कसं कळणार, की ही शाळा आहे म्हणून?"

सर सगळ्यात मोठ्यानं हसले. पण शाळा मोजायची नाही ती नाहीच. उन्हाळ्यातलं सर्वेक्षण, घरोघर पायी हिंडणं, तेही मोजायचं नाही. तांड्यावर दिवसभर पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, फवारणी, तेही नाही. त्यांच्या लेखी खुर्चीवर बसून दाखले लिहिणं हा आराम, आणि बैठकीत साहेबाचं ऐकून घेणं हाही आराम. झोपेतून कापलेला तास तर कधी हिशोबात आलाच नाही. विज्ञान शिकवणारा माणूस हा! नववीच्या पोरांना स्नायूचा थकवा फळ्यावर आकृती काढून समजावून सांगायचा. आपल्या स्नायूला तो धडा लागू आहे, हे मात्र त्याच्या गावी नव्हतं.

फार मागे लागलो की शेवटचं अस्त्र बाहेर यायचं. "भाऊ, आमचे लोक बैलावर मीठ लादून मुलूखच्या मुलूख पालथे घालत. थांबनं आमच्या रक्तातच नाई."

एकदा तांड्यावर गेलतो तेव्हा मी त्यांच्या आईलाच विचारलं. तिला सगळे याडी म्हणतात, म्हणजे आईच. अंगावर जुन्या पद्धतीचा कशिद्याचा पोशाख, हातात पांढऱ्या चुड्या, आणि जीभ माझ्यापेक्षा धारदार. मी म्हटलं, याडी, तुमचे लोक म्हणे कधी थांबतच नव्हते? ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "कोन सांगते, हा? अरे बेटा, बैल काय पयवत होते का कोनी? सकायी दोन-चार कोस चालले, की गोन्या उतरवत. मंग दिवसभर बैल चरे, मानसं बसे. माह्या आजा सांगे, पाठीवर गोनी ठेवून बैलाले पानीबी नाई पाजाचं. आन् ज्यानं पयवला, त्याचा बैल वाटंतच राहे." हसता हसता ती अंगणात बघू लागली. अंगणात सर चाकात हवा भरत होते. त्यांनी यातलं काही ऐकलं नाही, किंवा ऐकलं नाही असं दाखवलं.

एवढा आटापिटा कशासाठी, तर सहाशेसाठी. सहाशे किलोमीटरची सायकलफेरी, ठरलेल्या वेळेत, एकट्याच्या पायावर. यवतमाळहून निघायचं आणि यवतमाळला यायचं. सर गेले त्याच्या आधीच्या वर्षी त्यांनी ती केली होती, म्हणजे अंतर केलं होतं. मी थर्मास घेऊन शेवटाला उभा होतो. वेळ संपली, आयोजकांच्या पोरांनी थोडी वाट पाहिली, मग फलक उतरवला, टेबल उचललं, खुर्च्या टेम्पोत टाकल्या. सगळं आवरून गेल्यावर सर आले. डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले. रिकाम्या जागेवर सायकल आणून उभी केली, इकडे तिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "इथंच होतं न?" मी हो म्हटलं. त्यांनी चहा घेतला नाही. "पुढच्या वर्षी," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून हसणं कमी झालं. पहाटेचा एक तास होता त्याचा दीड झाला, तोही झोपेतूनच. गालफडं बसली. वहिनी दुकानात येऊन सांगून गेल्या, की जेवता जेवता डुलकी लागते आणि अंथरुणावर पडले की झोप येत नाही. ज्या माणसानं वर्गात कधी आवाज चढवला नव्हता, त्यानं एका पोराला परीक्षानळी फुटली म्हणून असा झापला की बाकीची पोरं घरी जाऊन आजारी पडायची बाकी राहिली. माझ्याकडे दुखण्याच्या गोळ्या मागायला आले. मी म्हटलं, सर, गुडघा दुखते म्हणजे तो काहीतरी सांगून राह्यला, त्याचं तोंड कायले दाबता? देत नाही. हसले, निघून गेले. रविवारी त्यांच्या खिशातून दुसऱ्या दुकानातली गोळ्यांची पट्टी डोकावत होती.

त्याच रविवारी एक गोष्ट घडली. पुसदकडच्या चढावर मी आपला रोजच्या चालीनं, मान खाली घालून चाललो होतो. वर पोचलो, पाणी प्यायलो, मागे वळून पाहिलं, तर खाली वळणावर सर. माझ्या मागे! आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या पुढे होतो, आणि मी काही जोरात आलो नव्हतो. ते वर आले तेव्हा तोंड राखाडी झालं होतं. "भाऊ, तुमी तयारी वाढवली वाटते," म्हणाले. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "सर, तुम्ही थकला आहात म्हणून मागे पडताय. पंधरा दिवस सायकल भिंतीला लावा, मग बघा." सरांनी उलटं ऐकलं. मागे पडलो म्हणजे कमी पडलो, कमी पडलो म्हणजे आणखी मारायला पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचीही फेरी सुरू झाली.

मग एकदा दुकानात आले आणि मनगट धरलंच नाही. मला इतकं चुकल्यासारखं वाटलं, की मीच म्हटलं, "काहो सर, आज नाडी नाही?" आणि त्यांचा हात धरला. ती सावकाश नाडी कुठं गेली होती कोण जाणे. बोटाखाली नुसती धडधड, मधेच एक ठोका हुकलेला, मग दोन घाईघाईनं. सरांनी हात मागे घेतला. "चहा पिऊन आलो न आत्ता," म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत राहिले. हा माणूस घाबरला होता. आपल्याला भीती वाटते हे कोणाला कळू नये म्हणून तो आणखी जोरात पळत होता, असं मला आजही वाटतं.

पावसाळ्यात घरोघर ताप होता. सरांनाही आला. ताप अंगात असताना दोन दिवस ते पहाटे सायकलवर गेले, घामानं ताप निघते म्हणून! तिसऱ्या दिवशी अंगणात घेरी येऊन पडले तेव्हा वहिनींनी मॅडमना बोलावलं. मॅडमनी ईसीजी काढला, त्याची पट्टी दोनदा पाहिली आणि यवतमाळच्या मोठ्या डॉक्टरांनाही दाखवली. मग आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं, शब्द न शब्द मला आठवतो. "तापाची सूज हृदयाच्या स्नायूवर आहे. ती उतरेपर्यंत सायकलला हात लावायचा नाही. जोरात नाही, हळू नाही, शाळेत नाही. सर, आता हळू चालवणंसुद्धा आराम नाही. बसून राहणं हाच आराम. ऐकलं नाही तर जीव जाईल, याहून सोपं मला सांगता येत नाही."

"आन् सहाशे?" सरांनी विचारलं. ती पोळ्यानंतर काही आठवड्यांवर होती.

"पुढच्या वर्षी," मॅडम म्हणाल्या. सरांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे पाहिलं.

शाळेतून रजा मिळाली आणि सर तांड्यावर आईकडे राहायला गेले. सायकलही टेम्पोतून नेली, कारण ती नजरेआड झाली की ते कासावीस होत. वहिनींनी चाकाला साखळी घालून कुलूप लावलं आणि किल्ली याडीच्या कमरेच्या बटव्यात. म्हातारीकडून किल्ली काढून घेणारा अजून जन्मायचा आहे, म्हणून आम्ही सगळे निर्धास्त झालो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी फळं घेऊन गेलो. संध्याकाळी खांदेमळण असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोलवटतो, त्याला हळद आणि लोणी चोळायचं आणि कानात आवतण द्यायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.' दुसऱ्या दिवशी बैलाच्या मानेवर जू नाही, पाठीवर काही नाही, हा धर्म. याडीनं दोन्ही बैलांचे खांदे चोळले. वाटीत थोडं लोणी उरलं. सर बाजेवर बसले होते. ती त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली, सदरा खाली ओढला आणि पोराच्या खांद्यावर लोणी चोळू लागली. हाडं वर आली होती नुसती. मग वाकून कानात म्हणाली, "आज आवतन घे बेटा, उद्या जेवाले ये."

अंगणातले सगळे हसले. सरही हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "येतो याडी. उद्या कुठंबी नाई जात," म्हणाले. मला निरोप देताना त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. नाडी पाहिली नाही, नुसता धरला. "भाऊ, उद्या जेवालेच या. पुरनाची पोयी हाय." मी खूश होऊन घरी आलो. बायकोला म्हटलं, सुटलो एकदाचे, सर वळले.

पोळ्याच्या दिवशी दुकान बंद ठेवून सकाळी जीपमध्ये बसलो. सणाला गावी निघालेल्या माणसांनी जीप फुगली होती; मी पुढे, ड्रायव्हरला चिकटून. तो तिकडचाच, सरांचा जुना विद्यार्थी. तांड्याच्या फाट्याच्या अलीकडे रस्त्याला एक मोठं निंबाचं झाड आहे. तिथं आलो आणि त्यानं एकदम वेग कमी केला.

"सर व्हय न थे?"

सरच होते. सायकल बुंध्याला नीट टेकवून ठेवलेली. तिच्या हँडलला बैलाच्या शिंगांना लावतात तसा बेगड, पुढे गोंडे, मुठीला फुलांची माळ. किल्ली कुठून मिळाली ह्यांना? पण लगेच दिसलं, की सर चालवत नाहीत, बसलेत. पाठ बुंध्याला, पाय लांब सोडलेले, हात मांडीवर, हनुवटी छातीला टेकलेली. झोप लागलेली. पाच वर्षांत त्या माणसाला मी असं सैल बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला. मी त्याचं मनगट धरलं. "राहू दे लेका, उठवू नको. कधी नाही ते बसले."

मागून एक बाई म्हणाली, "झोपू द्या मास्तरले. सन हाय." जीपमधले सगळे हसले. ड्रायव्हरनं सरांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून गाडी पार दुसऱ्या कडेनं नेली.

मॅडमनी नंतर सांगितलं, की आम्ही तिथून गेलो त्याच्या बऱ्याच आधी सगळं होऊन गेलं असणार.

तांड्यावर बैल नटून उभे होते आणि याडी रस्त्याकडे डोळे लावून. मला बघताच पुढे आली. "किल्ली मीनंच देल्ली रे. म्हने, याडी, आज बैलाचा सन, माह्या बैल हाच, त्याले बी धुतो, सजवतो. मले बरं वाटलं. सजवून झाली तं म्हने, फाट्यावरून एक चक्कर, हळूच. अजून आला नाई. दिसला का तुले?"

"दिसले न," मी म्हटलं. "निंबाखाली बसले. गाढ झोप लागली त्यांना."

तिनं डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मग घराकडे तोंड करून सुनेला ओरडून सांगितलं, "त्याची पोयी झाकून ठेव वं! आन् कोनी त्याले बलवाले जाऊ नका. होऊ द्या झोप पोराची."

आम्ही तोंडाला हात लावून, आवाज न करता अंगणात बसलो. लहान पोरं घुंगरू वाजवत होती, त्यांनाही तिनं दटावून गप्प केलं.